अंगणातलं पर्जन्यमापक: एका पावसाळ्यानंतरचं मत

मे २०२५ मध्ये पुण्याच्या शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून मी हाताने मोजायचं साधं पर्जन्यमापक मागवलं. किंमत ४,६०० रुपये, पार्सलचे ३८० वेगळे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ते आमच्या अंगणात आहे आणि तेव्हापासून एकही सकाळ त्याची नोंद चुकलेली नाही. आता डिसेंबर चालू आहे. एवढ्या दिवसांत त्याने काय दिलं, कुठे त्रास दिला आणि दुसऱ्या कुणी घ्यावं का, ते लिहिते आहे.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घरची पाच एकर शेती, त्यात सोयाबीन आणि थोडी तूर. गाव मराठवाड्यातलं. गावाचं, तालुक्याचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी घ्यावं का वाटलं ते सांगते. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आमचं काढणीला आलेलं सोयाबीन आडवं झालं. नदीकाठच्या दोन एकरांत तर चार दिवस पाणी साचून होतं. नंतर अतिवृष्टीच्या मदतीची यादी आली, तिच्यात आमचं महसूल मंडळ, म्हणजे आमच्या भागातल्या गावांचा सरकारी गट, नव्हतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. आमच्या मंडळाच्या नावापुढे ६१ होते. गावातला प्रत्येक जण सांगत होता की शंभराच्या वर झाला. माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, ते कार्यालयात जाऊन सांगून आले की गोठ्यापुढचं घमेलं रात्रीतून भरून वाहत होतं. त्यांना तिथे विचारलं, घमेल्याचे मिलिमीटर किती होतात? मामा काही न बोलता परत आले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं ते गप्प बसणं मला खूप लागलं. त्यांचं खरं होतं, पण ते मोजलेलं नव्हतं. मी रोज पोरांना मोजमापाचा धडा शिकवते, आणि माझ्याच घरात पाऊस घमेल्याने मोजला जात होता.

म्हणून हे यंत्र.

पार्सल उघडलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते वजन. फायबरग्लासचं जाड, राखाडी रंगाचं भांडं आहे, दोन तुकड्यांचं. खालचा तुकडा जमिनीत पुरायचा, वरचा त्यावर फिरवून बसवायचा. वरच्या तुकड्याच्या तोंडाला पितळेची कड आहे, आतून सरळ आणि बाहेरून उतरती. ही कड धारदार हवी, कारण पावसाचा थेंब तिच्यावर पडला की तो आतला की बाहेरचा हे तिथेच ठरायला हवं. कड जाड असली तर थेंब फुटून अर्धा आत जातो. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला की आत बरोबर २० मिलिलिटर पाणी जमतं. आतली बाटली चार लिटरची, त्यामुळे एका दिवसात २०० मिलिमीटरपर्यंत पाऊस तिच्यात मावतो. सोबत काचेचं मोजपात्र, त्यावर दहा मिलिमीटरपर्यंत खुणा. हिशोब पात्रावरच छापलेला असतो, आपल्याला फक्त वाचायचं.

कड गोल आहे का हे मी पट्टीने तीन बाजूंनी मोजून पाहिलं. तिन्ही वेळा व्यास १६ सेंटिमीटरच्या जवळच भरला. मग सुईशिवायच्या इंजेक्शनने शंभर मिलिलिटर पाणी मोजून नरसाळ्यात ओतलं आणि मोजपात्रात पाच मिलिमीटर आले का ते पाहिलं. ४.९ आले. नरसाळ्याला चिकटून राहिलेलं पाणी धरलं तर हे उत्तमच. ही परीक्षा कुणीही घरी घेऊ शकतं, आणि नवीन यंत्र आल्या आल्या घ्यावीच.

बसवण्यात मात्र दोन दिवस गेले. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत यंत्राच्या कडेपासून जेवढी उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडायचं. आमच्या अंगणात एक जुना कडुनिंब आहे. त्याची उंची मी पोरांना शिकवते तशी सावलीवरून काढली आणि तिथून अंतर मोजत गेले, तर बरोबर कडब्याची गंज रचायच्या जागेवर येऊन थांबले. मामा म्हणाले, "हे काय गं पुरतीस अंगणात? कडबा कुठं रचायचा मंग?" दोन दिवस यावर बोलणं झालं. शेवटी गंज गोठ्याच्या मागे गेली. गवंड्याने हातभर खोल खड्ड्यात सिमेंटचा चौथरा भरला, खालचा तुकडा त्यात बसवला, आणि वरची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर येईल असं ठेवून पाणसळीने चारी बाजू सारख्या केल्या. उंची ३० सेंटिमीटरच का, हे मामांनी विचारलं होतं. खाली ठेवलं तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत जातात. वर नेलं तर वाऱ्याने पाऊस कडेवरून निघून जातो आणि आकडा कमी भरतो. दोन्हीतली ती जागा.

आता रोजचं काम. सकाळी ८:३० ला बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र सपाट दगडावर ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि पाण्याची बाक जिथे सगळ्यात खाली असते तिथली खूण वाचायची. पाऊस नसला तरी झाकण उघडून बघायचं आणि ०.० लिहायचं. कोरी जागा सोडायची नाही, कारण कोऱ्या जागेचा अर्थ पाऊस नव्हता असाही होतो आणि कुणी बघितलंच नाही असाही. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. ते पुढे किती कामाला येईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, ती इथे सांगते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे १८ तारखेच्या संध्याकाळी धो धो पाऊस झाला, तर तो सरकारी नोंदीत १९ तारखेला दिसतो. आमच्याकडे कित्येक माणसं १८ तारखेचा आकडा बघून "शून्य लिहिलाय बघा, सगळं खोटं" म्हणत भांडायला जातात आणि तिथून हात हलवत परत येतात. यंत्र घेतलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. तक्रारीत तारीख चुकली की पुढचं कुणी वाचत नाही.

यंत्रातले दोष आता सांगून टाकते. मोजपात्राच्या तळाशी, एक मिलिमीटरच्या खालच्या खुणा इतक्या दाट आहेत की सकाळच्या उजेडात मला चष्म्याने वाचता येत नाहीत. मुलगा वाचतो, मी खात्री करते. कुलपाची कडी जुलैतच गंजली, ती बदलून स्टीलची घालावी लागली. नरसाळ्याच्या भोकात कडुनिंबाची काडी अडकते, झाड एवढं लांब असूनही. पावसाळ्यात रोज आणि एरवी आठवड्याला एकदा पुसून काढावं लागतं. ऑक्टोबरमध्ये काळ्या मुंग्यांनी बुडात घर केलं होतं. मोजपात्र काचेचं आहे, ते ऑगस्टच्या शेवटी माझ्याच हातून फुटलं. दुसऱ्याचे ६५० रुपये पडले आणि ते येईपर्यंतचे सहा दिवस मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नळीने मिलिलिटर मोजून वीसने भागत होते. सोबत दोन पात्रं द्यायला हवीत. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. हे यंत्र ज्याच्या शेतात बसायचं, त्याला ते वाचताच येणार नसेल तर तो झाडाखालीच पुरणार. मी दोन पानांचं मराठी पत्रक हाताने लिहून झेरॉक्स काढून ठेवलं आहे.

एवढे दोष असूनही यंत्राचा खरा कस लागला तो ऑगस्टमधल्या एका सोमवारी.

दुपारी साडेतीनला आभाळ भरून आलं. शाळा अर्ध्यात सोडली. मी घरी पोचले तेव्हा अंगणातून गोठा दिसत नव्हता. साधारण दोन तास पाऊस असा पडत होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. साडेसहाला उघडला. मामांना बाटली तेव्हाच बघायची होती. मी नको म्हटलं, सकाळी साडेआठलाच उघडू, मध्ये उघडलं तर नोंद बिघडेल. रात्री एकदा उठून ते कंदील घेऊन यंत्रापाशी जाऊन आले, पण हात लावला नाही.

सकाळी मी ओतत होते, मुलगा वाचत होता. पात्र दहा मिलिमीटरला भरलं की बादलीत रिकामं करायचं. आकडा चुकू नये म्हणून प्रत्येक भरलेल्या पात्राला मामा ओट्यावर हरभऱ्याचा एकेक दाणा ठेवत होते. नऊ दाणे झाले. दहाव्या वेळी पात्र भरलं नाही, २.६ वर थांबलं. ९२.६ मिलिमीटर. बादलीतलं पाणी मी पुन्हा लिटरच्या मापाने मोजलं, १८५० मिलिलिटरच्या आसपास भरलं. हिशोब जुळला. मुलाने वहीत लिहिलं, मी सही केली, खाली मामांनी केली. फोटो काढला. ते नऊ दाणे मामांनी खिशात ठेवले.

तीन दिवसांनी मंडळनिहाय आकडे आले. आमच्यापुढे ३८.५. शेजारच्या मंडळापुढेही ३८.५.

आता इथे घाई करून बोट दाखवणं मला पटत नाही. एका मंडळात वीस-पंचवीस गावं येतात आणि मोजणारं यंत्र एकच असतं. पाऊस गावागावाला वेगळा पडतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ च्या आसपास. एका शहराच्या दोन टोकांना एवढं अंतर पडतं, मग आमच्या गावात आणि आठ किलोमीटरवरच्या केंद्रात पडणारच. शिवाय स्वयंचलित केंद्रात तराजूसारख्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की झुकते, दुसरी वर येते आणि यंत्र एक खूण मोजतं. पाऊस फार जोरात असला तर वाटी झुकत असताना थोडं पाणी निसटतं आणि आकडा किंचित कमी येतो. हे सगळं मी वर्गात शिकवते. त्यामुळे ९२ आणि ३८ यांच्यातला फरक नुसता फरक म्हणून मी सोडून दिला असता. पण दोन वेगळ्या केंद्रांवर, दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत तोच पाऊस पडतो, हे मला सोडता येईना.

त्यानंतर एक माणूस मला भेटला. तो कोण, काय काम करतो, कुठे भेटला, यातलं काहीही मी लिहिणार नाही. आमच्या भागात एवढ्यावरूनही चार जणांत तो ओळखू येईल. त्याने एवढंच सांगितलं की त्या संध्याकाळी आमचं केंद्र बंद पडलं होतं आणि ही पहिली वेळ नव्हती. मग म्हणाला, "मॅडम, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. लेकरं लहान आहेत." मी त्याला शब्द दिला.

तो शब्द कसा पाळायचा, याचा विचार करत मी त्या रात्री जागी होते. कारण आपल्याकडे अशा माणसाला पाठीशी घालणारं काय आहे? जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला, ९ मे २०१४ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो अजूनही अंमलात आलेला नाही. त्यात निनावी तक्रारीवर कारवाई होत नाही, म्हणजे नाव द्यायलाच हवं, आणि नाव दिलं तर जे संरक्षण मिळायचं ते कागदावरच आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कामातल्या गैरव्यवहारांबद्दल लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात तो लुटीसाठी झालेला खून ठरला, पण नाव उघडं पडल्याचा धक्का देशाला एवढा बसला की २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढून अशा तक्रारी घ्यायचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी माहितीचा अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार उघडे करत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांना मारण्यात आलं. बाई म्हणून, आई म्हणून मला हे सगळं आठवत होतं, आणि त्या माणसाची लहान लेकरंही डोळ्यांपुढे होती.

आणि त्याच रात्री मला माझ्या वहीची किंमत कळली. वही नसती तर माझ्या हातात फक्त त्याचं सांगणं होतं. "केंद्र बंद होतं" हे मी कुठेही म्हटलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला कुणी सांगितलं? आता मला ते म्हणायची गरजच नव्हती. माझ्याकडे ९२.६ होते, सरकारी यादीत ३८.५ दोनदा होते. हे दोन कागद शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहत होता, आणि तो विचारायला मला कुणाच्याही सांगण्याची गरज नव्हती. कायदा त्याला वाचवणार नव्हता, पण माझ्या मोजमापामागे त्याला लपता येत होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून चार वेळा लिहून काढला. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नसते, ते मी सांगितलंही नाही. तीनच गोष्टी मागितल्या. त्या चोवीस तासांतल्या आमच्या केंद्राच्या दर दहा मिनिटांच्या मूळ नोंदी. त्या महिन्याच्या देखभाल-दुरुस्तीच्या नोंदवहीची प्रत. आणि केंद्र बंद असेल तर मंडळाचा आकडा कसा धरायचा, याचं परिपत्रक किंवा लेखी सूचना. कुणावर आरोप नाही, "बंद" हा शब्ददेखील पहिल्या दोन मुद्द्यांत नाही. तिसऱ्यातला "असेल तर" मी मुद्दाम ठेवला. अर्जातल्या कुठल्याच शब्दावरून आतल्या कुणाकडे संशय जाऊ नये, एवढंच बघत होते. माहिती मागणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. माणसाने सांगितलेलं कळलं असलं तरी मागायचा तो कागद.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं, ते ४१ व्या दिवशी आलं. पहिल्या मुद्द्याची दोन पानं होती. दुपारी ४:२० पर्यंत दर दहा मिनिटांना आकडे आहेत. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ११:१० पर्यंत रकाने कोरे. मी ती पानं ओट्यावर पसरली आणि मामांना बोलावलं. त्यांना इंग्रजी आकडे नीट वाचता येत नाहीत. त्यांनी कोऱ्या रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितं पाऊस व्हता."

दुसऱ्या मुद्द्याला "माहिती उपलब्ध नाही". तिसरा मुद्दा दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे, तिकडून अजून काही आलेलं नाही. मी वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं.

अपिलात मी एक जुना दाखला दिला आहे. पश्चिम घाटाबद्दल डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राला अहवाल दिला, आणि तो लोकांसमोर ठेवायला मंत्रालय तयार नव्हतं. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो द्यायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही मे २०१२ मध्ये त्यांचं ऐकलं गेलं नाही आणि अहवाल खुला झाला. शास्त्रज्ञांनी जनतेच्या पैशातून केलेलं काम जनतेचं आहे, एवढी साधी गोष्ट मिळवायला एवढं जावं लागलं. आमच्या मंडळाचे दहा-दहा मिनिटांचे आकडे त्या अहवालापुढे काहीच नाहीत, पण तत्त्व तेच आहे. कुणी न मागता, रोजच्या रोज, बंद असलेल्या वेळेसकट ते समोर ठेवायला हवेत. यंत्र बंद पडणं हा गुन्हा नाही. कोऱ्या रकान्यावर शेजारचा आकडा बसला असेल आणि तसं कुठेही लिहिलेलं नसेल, तर माझी हरकत त्याला आहे.

हे फक्त मदतीच्या पैशांपुरतं नाही, म्हणून मी एवढं लांबण लावते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. हे त्यांना कसं कळलं? कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी आवारात, साठ-सत्तर वर्षं कुणीतरी रोज सकाळी साडेआठला बाटली उघडून आकडा लिहिला म्हणून. पाऊस बदलतो आहे हे आमच्या मामांना घमेल्यावरून कळतं, शास्त्रज्ञांना नोंदीवरून. आजची नोंद उसनी असेल तर तीस वर्षांनी कुणी अभ्यास करेल तेव्हा त्या सोमवारी आमच्या गावात ढगफुटीसारखा पाऊस झालाच नव्हता, असंच दिसेल.

आता घ्यावं का? गावात किमान एक असावंच. सोयाबीन, कापूस, मोसंबी, द्राक्ष, काहीही असो, अतिवृष्टीच्या मदतीचा हिशोब पावसाच्या आकड्यावर होतो, आणि तो आकडा फक्त समोरच्याकडे असेल तर आपण नुसतं ऐकून घेतो. पण घेण्याआधी हेही लक्षात घ्या की आपल्या अंगणातल्या नोंदीवर थेट मदत मिळत नाही. मला अजून एक रुपया मिळालेला नाही. सरकारी आकडा मंडळाच्या केंद्राचाच धरला जातो. ही वही फक्त प्रश्न विचारायला उपयोगी पडते, आणि तेही रोज लिहिली असेल तरच. फक्त मोठ्या पावसाच्या दिवशी मोजणार असाल तर ४,६०० रुपये घालू नका. तशा नोंदीला कुणी मान देणार नाही आणि द्यायलाही नको. ज्यांच्या घरात सकाळी साडेआठला रोज एक माणूस नक्की असतो, त्यांनीच घ्यावं. आमच्याकडे ते मामा आहेत. ज्या यंत्रासाठी कडब्याची जागा गेली म्हणून ते रुसले होते, त्याच्याभोवती त्यांनी दिवाळीत स्वतः तारेचं कुंपण घातलं, कुत्री येतात म्हणून.

दुकानाबद्दल तक्रार नाही. फोनवर नीट बोलतात, फुटलेल्या पात्राबद्दल कळवल्यावर दुसऱ्या दिवशी पार्सल टाकलं. मंडळातल्या आणखी तीन गावांतल्या शिक्षकांनी विचारणा केली आहे. त्यांच्यासाठी तीन यंत्रं मागवते आहे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात एका मंडळात चार वह्या असतील. मराठी पत्रक हवं असेल त्याला मी देईन.

अपिलाची सुनावणी १८ तारखेला सकाळी साडेअकराला आहे. वही, फोटो आणि ती दोन पानं पिशवीत भरून ठेवली आहेत. मामाही येणार आहेत. तालुक्याला जाणारी एसटी नऊला फाट्यावर येते, म्हणजे साडेआठला ०.० लिहून, दोघांच्या सह्या करून निघता येईल.